चाळीस लुटारू, विनामूल्य

कंपनीच्या आपत्कालीन आराखड्याची पानं एकशे सव्वीस होती, आणि त्यातल्या एकसष्टाव्या पानावर हिमवर्षाव झाल्यास वाहनांच्या चाकांना साखळ्या लावाव्यात असं म्हटलं होतं. आमच्या बेटावर कोणी बर्फ पाहिला असेल तर तो माशांच्या पेटीत. पण आराखड्यात आहे म्हटल्यावर ऑकलंडहून साखळ्यांचे चार संच आले, मी सही करून ते ताब्यात घेतले, आणि पहाऱ्यावरच्या वाइसालेने त्यातल्या एका संचाने मदत-गोदामाचं फाटक बांधून टाकलं. फाटकाचं कुलूप फेब्रुवारीतल्या वादळात फाटकासकट उडालं होतं. फाटक सापडलं, कुलूप नाही.

वादळाआधी मी बंदरावरच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवत होतो. वादळात शाळेचं छप्पर गेलं, आणि त्याच आठवड्यात कॅनडाच्या एका सुरक्षा कंपनीला नद्या कुठून कुठे वाहतात हे माहीत असलेला माणूस हवा होता. तेव्हापासून मी 'स्थानिक नियोजन सल्लागार'. गावात सगळे अजून मास्तरच म्हणतात.

आमचे साहेब मिस्टर मॅक्रे. जिथे जमीन हलते, पाणी चढतं किंवा सरकार पडतं, तिथे कंपनी त्यांना पाठवते. माणूस सज्जन. आराखडा त्यांनी मुळात कुठल्याशा डोंगराळ देशासाठी लिहिला होता आणि फिजीसाठी देशाचं नाव बदललं होतं. 'स्थानिक परिस्थितीचा अभ्यास करून' हे वाक्य दोन्हीकडे होतं.

गोदामात ताडपत्र्या, बादल्या, डबाबंद मासे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, तीन जनरेटर. पहाऱ्याला चौदा जण, सगळे पाच किलोमीटरवरच्या नावुसो गावचे. त्यांचा म्होरक्या वाइसाले. हा सैन्यात असताना सिनाईच्या वाळवंटात तेरा महिने शांतता राखून आलेला. "तिथे राखायला निदान शांतता होती," तो म्हणायचा, "इथे बादल्या आहेत." वादळाने त्याच्या घराचं अर्धं छप्पर नेलं होतं. त्या अर्ध्यावर एक निळी ताडपत्री होती, आणि जमनादास हार्डवेअरमध्ये खडूने 'वाइसाले' असं लिहिलेले बावीस पत्रे बाजूला काढून ठेवले होते. कंपनीचं नेमणुकीचं पत्र दाखवलं की पत्रे उधारीवर मिळणार होते. पत्र यायचं होतं.

त्या पत्राचं घोडं एका सरावापाशी अडलं होतं.

"गुरुवारी मुख्यालयातून मिसेस थॉर्नली येताहेत," मॅक्रे म्हणाले. "सराव क्रमांक सात. गोदामावर जमावाचा हल्ला. वाइसालेच्या माणसांनी माल वाचवला तर त्यांना वर्षभराचं पत्र. नाहीतर ऑकलंडहून व्यावसायिक पथक येईल. मला वाईट वाटेल, मिस्टर शिवकरन. पण नियम आहे."

"आणि जमाव कुठून आणायचा?"

"तो तुम्ही आणायचा. चाळीस लुटारू. स्थानिक हवेत, आक्रमक हवेत आणि वेळेवर यायला हवेत."

पहिल्या दोन अटी जमण्यासारख्या होत्या. तिसरीचा विचार करताना मला सालेबा गाव आठवलं. तिथल्या चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष उनाइसी. साठीची बाई, स्वतःचा ट्रक, स्वतःचं गायनपथक. तिने आठला या म्हटलं की पावणेआठला पाळकसुद्धा हजर असतो. मी फोन केला.

"लुटायचं?" उनाइसी म्हणाली. "खरंखुरं?"

"खोटंखोटं. पण खऱ्यासारखं. माल ट्रकपर्यंत नेला की झालं. पहारेकरी तुम्हाला अडवतील."

"पहाऱ्याला कोण आहे रे मास्तर?"

"वाइसालेची माणसं. नावुसोची."

पलीकडे फोन कोणीतरी हाताने झाकल्याचा आवाज आला, आणि त्या हाताआडून किमान बारा बायका हसल्या.

"आम्ही येऊ," उनाइसी म्हणाली. "पैसे नकोत."

"अगं, भत्ता आहे. माणशी..."

"एक डॉलरसुद्धा नको. पण ते हेल्मेट आम्ही घालणार नाही. केसांचा घेर बसतो."

भूगोल शिकवणाऱ्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता. चाळीस माणसं कामाच्या दिवशी फुकट का येतील? मी विचार केला नाही. मी मॅक्रेंना जाऊन सांगितलं की लुटारू विनामूल्य मिळाले, आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन तो बराच वेळ हलवला.

गुरुवारी सकाळी दहाला मिसेस थॉर्नली गोदामासमोर खुर्ची टाकून बसल्या. मोठी टोपी, नाकावर पांढरं मलम, गळ्यात स्टॉपवॉच. बाई फार बोलत नव्हत्या. काहीही सांगितलं की "नोंद घेतली," म्हणायच्या आणि खरंच लिहायच्या. फाटकाला साखळी का, याची त्यांनी नोंद घेतली. फाटकासमोर चौदा पहारेकरी ढाली घेऊन एका रांगेत, मधोमध वाइसाले. मॅक्रेंच्या हातात वायरलेस, बगलेत लाल फाइलमधला आराखडा.

ट्रक दिसायच्या आधी ऐकू आला, कारण सालेबाची माणसं गात येत होती. चार सुरांत.

"लुटारू गातात?" मॅक्रेंनी विचारलं.

"मनोधैर्यासाठी," मी म्हणालो.

"नोंद घेतली," मिसेस थॉर्नली म्हणाल्या.

वाइसालेने डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं. मग रांग सोडून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, कोणाला बोलावलंत?"

"सालेबावाल्यांना."

"सालेबा आमचं तौवू आहे."

तौवू हा शब्द आराखड्याच्या कुठल्याच पानावर नाही. दोन गावांचा मूळ पुरुष एक असला की ती एकमेकांची तौवू होतात. मग त्या गावच्या माणसाने तुमच्या घरात शिरून जे दिसेल ते उचललं तरी तुम्हाला 'नको नेऊ' म्हणता येत नाही. शिव्या देता येतात, किंबहुना द्याव्याच लागतात. पण रागवायचं नाही. आभार तर चुकूनही मानायचे नाहीत, तो अपमान. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या चार पिढ्या इथे ऊस लावतात. सालेबाच्या लोकांनी नावुसोच्या लग्नातून अख्खं शिजलेलं डुक्कर पळवलेलं मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यातलं खाल्लंही आहे. पण तौवू म्हणजे लग्नकार्यातली गोष्ट, गुरुवारी कार्यालयीन वेळेत ती लागू असेल हे काही डोक्यात आलं नाही.

"मग आधी का नाही बोललास?" मी म्हणालो.

"मला सांगितलं होतंत का कोण येणार ते? पान चव्वेचाळीस. पहारेकऱ्यांना लुटारूंची ओळख आधी देऊ नये. तुम्हीच वाचून दाखवलंत, दोनदा."

"बरं, आता अडव त्यांना."

"तौवूला?" पाळकाच्या कानाखाली वाजव असं सांगितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वाइसाले, तुझी नोकरी आहे यावर."

"माझी एकट्याची नाही, चौदा आहेत," तो म्हणाला, हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

ट्रक थांबला. चाळीस ठरले होते, मी मोजले तर छत्तीसच. उनाइसी पुढच्या सीटवरून उतरली, तसा ट्रक चार बोटं वर आला.

"चौघं कुठे?" मी विचारलं.

"त्यांना काम आहे," ती म्हणाली आणि मला बाजूला सारून रांगेसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे वाइसाले! एवढी माणसं कशाला उभी केलीस? तू एकटा आडवा झोपला असतास तरी फाटक बंद झालं असतं."

"आलीस का?" वाइसाले म्हणाला. "मला वाटलं ट्रक गुरं घेऊन चाललाय."

"ह्या हातात काय धरल्यात? कढईची झाकणं?"

"तुमच्याच घरची आहेत. आत काही शिजत नाही म्हणून रिकामी होती."

चौदा ढाली एकदम थरथरायला लागल्या. पहारेकरी हसू दाबत होते. मॅक्रे पुटपुटले, "उत्तम. शाब्दिक तणाव. अगदी खऱ्यासारखा."

त्यानंतर उनाइसी दोन ढालींच्या मधून, बाजारात वाट काढावी तशी आत गेली. फाटकाची साखळी तिने स्वतः सोडली, निरखून पाहिली आणि खांद्यावर टाकली. तिच्या मागून बाकीचे सगळे. पहिला ताडपत्रीचा गठ्ठा एका म्हातारीने उचलायला घेतला, तर तो जड होता. रांगेच्या टोकाचा लिवाई नावाचा पहारेकरी पाहत होता. त्याच्या आईच्या वयाची बाई ओझं ओढतेय आणि आपण ढाल धरून उभे आहोत, हे त्याला फार वेळ सोसलं नाही. त्याने ढाल खाली ठेवली आणि गठ्ठा ट्रकवर चढवून दिला. मग दुसरा. मग बाकीच्या तेरांनीही ढाली भिंतीला टेकवल्या. जनरेटर चढवताना तर वाइसाले स्वतः "हळू, हळू, कोपरा सांभाळा" असं सांगत होता.

"लाल!" मॅक्रे वायरलेसमध्ये ओरडत होते. "लाल स्थिती! सर्वांनी लाल स्थिती समजावी!" उत्तर ट्रकमधून येत होतं. पहारेकऱ्यांचे चौदाही वायरलेस तिकडे गेले होते, आणि कोणीतरी त्यावर गाणं म्हणत होतं.

तेविसाव्या मिनिटाला गोदाम रिकामं झालं. उनाइसीने शेवटची नजर फिरवली, मॅक्रेंच्या बगलेतली लाल फाइल अलगद काढून घेतली, आणि मिसेस थॉर्नली पाणी प्यायला उठल्या होत्या तेवढ्यात त्यांची खुर्चीही नेली. ट्रक दोन फेऱ्या करून गेला, गात.

बाई उभ्यानेच लिहीत होत्या.

मॅक्रे पायरीवर बसले. "सिनाईत तेरा महिने," ते वाइसालेला म्हणाले, रागाने नाही, थकून. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मला कळव... मला कळवावं लागेल वर."

वाइसालेचा चेहरा पहिल्यांदा पडला. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. चूक माझी होती आणि पत्रे त्याचे होते.

"बाई," मी म्हणालो, "लुटारू मी निवडले. पहारेकऱ्यांचा यात..."

"नोंद घेतली," त्या म्हणाल्या. "आता नववा भाग. गेलेला माल परत मिळवणे. मुदत बहात्तर तास. की सराव इथेच थांबवायचा?"

वाइसालेने वर पाहिलं. "थांबवायचा कशाला, मॅडम? आमची पाळी आत्ताच तर आलीय."

"किती वेळ लागेल?"

त्याने सूर्याकडे पाहिलं. "जेवणाआधी पोचायला हवं. नाहीतर सगळं संपवतील ते."

आम्ही दोन पिकअप घेऊन सालेबाला गेलो. आंब्याखाली चटया अंथरलेल्या होत्या, जमिनीतली भट्टी उघडली होती आणि अठरा जणांची पानं वाढलेली होती. पहारेकरी चौदा, मॅक्रे, बाई, मी आणि ड्रायव्हर. अठराच. आम्ही येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आराखड्यात नव्हतं ते आमच्याच. मिसेस थॉर्नली स्वतःच्याच खुर्चीवर बसल्या आणि भाजलेला टॅरोचा कंद दोनदा मागून घेतला.

जेवण होताच वाइसाले उठला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "चला रे."

त्यानंतर चौदा जणांनी सालेबा गाव धुऊन काढलं. ताडपत्र्या, बादल्या, डबे, जनरेटर, वायरलेस. मग दोन जिवंत डुकरं. मग पाळकांच्या होडीचं इंजिन. मग उनाइसीच्या स्वयंपाकघराचं दार, बिजागऱ्यांसकट. सालेबाचे लोक शिव्यांची लाखोली वाहत माल चढवायला मदत करत होते.

"ते दार उलटं धरलंयस, बैला!" उनाइसी ओरडली.

"तुझ्या घराचं काही सरळ असतं का?"

मिसेस थॉर्नलींनी पेन खाली ठेवलं. सकाळपासून पहिल्यांदाच. "मला एक समजत नाही," त्या वाइसालेला म्हणाल्या. "खऱ्या वादळात याचं काय होतं?"

"हेच होतं," तो म्हणाला. "फेब्रुवारीत आम्ही पुरुषमाणसं नदीच्या पलीकडे अडकलो होतो. ह्या लोकांनी आमच्या घरांत शिरून भांडी, बियाणं, औषधं आणि दोन म्हाताऱ्या उचलून टेकडीवर नेल्या. कोणाला विचारलं नाही. विचारत बसले असते तर म्हाताऱ्या 'नको, कशाला उगाच त्रास' म्हणत पाणी गळ्याशी येईपर्यंत बसल्या असत्या."

"आणि नंतर सगळं परत मिळालं?"

"भांडी मिळाली. म्हाताऱ्यांपैकी एक माझी सासू आहे. ती अजून इथेच असते. मी मागितलेली नाही."

"नोंद घेतली," बाई म्हणाल्या, पण लिहिलं नाही.

तेवढ्यात उनाइसीने लाल फाइल आणून मॅक्रेंच्या मांडीवर टाकली. भट्टी तापेपर्यंत तिने ती चाळली होती, पेन्सिल घेऊन. साखळ्यांच्या पानावर 'होडीला चांगल्या' असं लिहिलं होतं. आणि पान सतरावर, जिथे संकटसमयी सर्वांनी बंदराच्या धक्क्यावर जमावं असं म्हटलं होतं, तिथे तिने एक फुली मारून समासात लिहिलं होतं: 'ही जागा दर वादळात पाण्याखाली असते. टेकडीवरच्या चर्चमध्ये या. चहा मिळेल.'

मॅक्रेंनी ते दोनदा वाचलं. मग धक्क्याच्या दिशेने पाहिलं, मग टेकडीच्या. "तुम्हाला हे माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"मी मार्चमध्ये टिपण दिलं होतं."

"मी ते कुठे ठेवलं?"

"परिशिष्टात."

मॅक्रेंनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाईने गिरवायला लागले.

दुपारी तीनला गोदामात मी सगळा माल मोजला. तीनशे बारा ताडपत्र्या गेल्या होत्या, तीनशे तेरा परत आल्या. जास्तीची एक निळी, विटकी होती, कंपनीचा शिक्का पुसट झालेला. मी 'उगम अज्ञात' असं लिहिलं. मिसेस थॉर्नलींनी लॅपटॉपवर त्यांचा फॉर्म उघडला. 'परत मिळालेला माल, टक्के' या चौकटीत त्यांनी एकशे चार भरले, तर चौकट लाल झाली. शंभराच्या वर आकडा घ्यायची तिला सवय नव्हती. त्यांनी शंभर केलं, आणि शेऱ्यात लिहिलं: 'शिवाय दोन डुकरं.' वेळ: बहात्तर तासांऐवजी चार तास दहा मिनिटं, जेवणासह.

"लुटीच्या वेळचे गुण शून्य आहेत," त्या वाइसालेला म्हणाल्या. "इतके शून्य मी आजवर कोणाला दिलेले नाहीत. पण जखमी कोणी नाही, मोडलं काही नाही, आणि माल आला. ऑकलंडचं पथक एवढं करू शकणार नाही. त्यांना तिथे कोणी जेवायलासुद्धा घालणार नाही." आणि पत्रावर सही केली. चौदा नावं, एक वर्ष.

वाइसालेने पत्राची चार पदरी घडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि पुढची दहा मिनिटं दर मिनिटाला खिसा चाचपून पाहिला.

"मास्तर, जमनादासकडे सोडता?"

जमनादास दुकानाच्या दारातच उभा होता. पत्र पाहून म्हणाला, "अरे, पण पत्रे तर सकाळीच गेले. साडेआठला. उनाइसी ट्रक घेऊन आली होती. मी म्हटलं हे वाइसालेचे आहेत. ती म्हणाली, म्हणून तर."

नावुसोपर्यंत पिकअपमध्ये तो समोर पाहत होता आणि मी रस्त्याकडे.

त्याचं घर दुरूनच चमकलं. निळी ताडपत्री नव्हती, आणि सकाळी न आलेले चार लुटारू छपरावर बसून शेवटच्या पत्र्याला खिळे मारत होते. खाली अंगणात उरलेले छत्तीस, आणि त्यांच्यामध्ये उनाइसी, हात वर करून, गायनपथकाला सूर द्यावा तसा हातोड्यांना ताल देत. मला ती तीनशे तेरावी ताडपत्री आठवली. मी वही बंद केली.

वाइसाले उतरला. छपराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने सावकाश पाहिलं. मग तो उनाइसीकडे वळला, आणि तौवूला जे म्हणायचं नसतं ते म्हणून जाईल की काय अशी मला क्षणभर भीती वाटली.

"तो डावीकडचा पत्रा वाकडा आहे," तो म्हणाला.

"तुझी मान वाकडी आहे," उनाइसी म्हणाली. "माझं दार कुठाय?"

"गोदामात. ताडपत्र्यांच्या मागे. फॉर्मवर चढलंय ते आता, मिळायचं नाही."

तो थोडा वेळ कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहत राहिला. अंगणाच्या कडेला तिचा ट्रक उभा होता, किल्ली आतच. वाइसाले तिकडे गेला, दार उघडून आत बसला, आणि सगळ्यांच्या देखत, गावाबाहेर निघून गेला. उनाइसीच्या शिव्या मला ऐकू येत होत्या, त्यालाही येत असाव्यात, कारण वळणावर त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

चाळीस लुटारूंना सालेबाला मी पोचवलं. पिकअपने पाच फेऱ्या लागल्या. वाहतुकीची तरतूद आराखड्यात नव्हती. एकशे सत्ताविसावं पान म्हणून ती मी आता घातली आहे.